दसऱ्याला तुमच्याकडे काय असतं?

तिसरीच्या वर्गात कुमुदबाईंनी आम्हांला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, की इथं महिने पाठ करायचे नाहीत, महिने आणायचे. खिडकीशेजारी भिंतीत एक कोनाडा होता. आधीच्या बाई त्यात डस्टर आणि खडू ठेवायच्या. कुमुदबाईंनी तो धुऊन घेतला, त्यात वर्तमानपत्राचा कागद अंथरला आणि म्हणाल्या, "शाळेत येताना वाटेत जे नवीन दिसेल, ते इथं आणून ठेवायचं." सुरुवात जांभळांनी झाली आणि कागद दोन दिवसांत जांभळा झाला. मग तरोट्याची कोवळी भाजी आली, आघाडा आला, मक्याची कणसं आली, कुणीतरी न उकललेली कापसाची बोंडं आणली. आश्विन लागला की सीताफळं यायची आणि त्यांचे डोळे मोठे झाले की नाही हे पाहायला आम्ही कोनाड्याभोवती गर्दी करायचो. पुढे थंडीत तुरीच्या शेंगा, बोरं, संत्री, आणि फाल्गुनात पळसाची फुलं. ती फुलं बाई शाळेच्या मागच्या अंगणात पातेल्यात उकळून घ्यायच्या आणि त्या केशरी पाण्यात आमची बोटं बुडवून भिंतीवर ठसे उमटवायला लावायच्या. मुख्याध्यापक भिंतीकडे पाहून कपाळाला हात लावायचे. बाई म्हणायच्या, "पावसात निघून जातील, सर."

माझी नात मनीषनगरातल्या एका मोठ्या शाळेत जाते. परवा तिच्या शाळेचा निरोप मोबाइलवर आला, उद्या 'ऑरेंज डे', नारंगी कपडे घालून पाठवा. माझी लेक मिहानमधल्या नोकरीवरून दमून आली आणि जेवायच्या आधी तिनं नारंगी टी-शर्ट मागवला. दुसऱ्या दिवशी नात घरी आल्यावर मी विचारलं, "संत्री खाल्ली का गं वर्गात?" ती म्हणाली, "नाही आजी, रंगवली." नागपुरात संत्र्याचा दिवस आणि वर्गात एक संत्रं नाही!  त्या रात्री कुमुदबाईंचा वर्ग डोळ्यांसमोर आला, आणि तेव्हापासून हे लिहून काढल्याशिवाय मला चैन नाही.

चैन तर मला तेव्हाही नव्हतं. आम्ही टाटपट्टीवर बसायचो आणि माझी टाटपट्टी कायम चुरगळलेली असायची. "इच्या बुडाले भवरा बांधला हाय," असं माझी माय येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. घरी दोन खोल्या, पुढं अंगण, अंगणात कडुनिंब, आणि मागच्या बाजूनं रेल्वेचे रूळ. बाबा अजनीच्या लोको शेडमध्ये कामाला होते. इंजिनं दिवसभर मागं-पुढं व्हायची, डबे एकमेकांवर आदळायचे, भांड्यांच्या फळीवर पितळी पेले थरथरायचे. बाबांच्या कपड्यांना तेलाचा आणि कोळशाचा वास असायचा, आंघोळ केली तरी तो मनगटाशी राहायचाच. समोरच्या भिंतीवर निळ्या कोटातला फोटो होता आणि त्याखाली छोटी बुद्धमूर्ती. या दोन्हींपुढं माय रोज मेणबत्ती लावायची. त्याशिवाय आमच्या घरात दुसरा कुठला देव नव्हता, आणि कुठला सणही. मिसरूड फुटायच्या आधी बाबा दीक्षाभूमीच्या मैदानात आपल्या बापाचा हात धरून उभे राहिले होते आणि जुनं सगळं तिथंच सोडून परत आले होते. त्याबद्दल ते फार बोलत नसत. विचारलं की एवढंच म्हणत, "आपण ते सोडलं." बस्स. त्या वाक्यापुढं काही विचारायची सोय नसायची.

आणि कुमुदबाईंचा वर्ग म्हणजे सणांची रांग. प्रत्येक सणाआधी बाई गोल बसवून एकेकाला विचारायच्या, "तुमच्याकडे काय असतं?" राखीला काय असतं, गौरीला काय असतं, भुलाबाईला कोणाच्या घरी कोणता खाऊ असतो. मुलं सांगायची आणि बाई फळ्यावर चित्रं काढायच्या. प्रश्न माझ्याकडे सरकत यायला लागला, की माझे पाय आपोआप शिवशिवायचे. मी पाणी प्यायला जायची. परवानगी मागायची, जायची, नळाखाली उगाच पाय धुवायची, आणि प्रश्न पुढच्या मुलीकडे गेला असेल असा अंदाज घेऊन परत यायची. तान्ह्या पोळ्याला तर प्रत्येकानं लाकडाचा बैल आणायचा होता. मी आदल्या संध्याकाळी बाबांच्या मागं लागले.

"बाबा, मले लाकडाचा बैल पायजे."

"काहून वं?"

"शाळेत तान्हा पोळा हाय."

"आपल्याकडे नसते तो," बाबा म्हणाले. रागानं नाही, शांतपणे, बुटाची नाडी सोडता सोडता. रागावले असते तर मी रडून घेतलं असतं. दुसऱ्या दिवशी वर्गात लाल-पिवळ्या झुली घातलेल्या बैलांची ओळ लागली, बाईंनी सगळ्यांच्या हातावर फुटाणे-मुरमुरे ठेवले, माझ्याही ठेवले. मी ते मुठीत धरून व्हरांड्यात फेऱ्या मारत राहिले, शेवटी घामानं ते भिजले.

दसरा मात्र वेगळा होता. दसरा हा आमच्या घरी असणारा दिवस होता, आणि तो असा असायचा की कुणाकडेच तसा नसेल. दोन-तीन दिवस आधीपासून पाहुणे यायला लागायचे. यवतमाळकडून, वर्ध्याकडून, चांद्याकडून, ओळखीचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे, कधी कधी कुणाचेच नसलेले. डोक्यावर पिठाची, डाळीची गाठोडी, कडेवर पोरं, पायांना धूळ. रेल्वेतून उतरून दीक्षाभूमीकडे चालत जाणाऱ्यांची वाट आमच्या वस्तीवरूनच जायची. अंगणात चटया, खोल्यांत चटया, कडुनिंबाखाली तीन दगडांच्या चुली. माझ्या बाबांची फुलाआत्या दरवर्षी सगळ्यांच्या आधी यायची आणि आल्याबरोबर मायच्या हातातलं लाटणं काढून घ्यायची. भाकरीच्या थापटण्याचा आवाज पहाटेपासून सुरू व्हायचा तो थांबायचाच नाही. त्या दिवसांत मला कुणी 'एका जागी बस' म्हणायचं नाही, कारण बसायला जागाच नसायची. मी माणसांवरून उड्या मारत हिंडायची.

म्हणून त्या वर्षी, दसऱ्याच्या आठवड्यात, बाईंचा प्रश्न माझ्यापर्यंत आला तेव्हा मी पाण्याला गेले नाही. उभी राहिले आणि एका दमात सांगितलं, की आमच्याकडे लय पाहुणे येतात, घरात मावत नाहीत, अंगणात झोपतात, रस्त्यावर झोपतात, आणि मोठ्या गंजात डाळभाजी शिजते, ती ढवळायला लाकडाचा वल्हा लागतो.

वंदना माझ्या शेजारी बसायची. पलीकडच्या गल्लीत तिचं घर होतं आणि वडिलांची गावाकडे शेती. ती खुदकन हसली. "खोटं! एवढे लोक कोठी राह्यतात? इच्या घरी का लग्न हाय?"

"खोटं नाई!"

"मंग तुमच्याकडे सोनं वाटतेत का? शस्त्रपूजा असते का? नाई ना? मंग दसरा कायचा?"

वर्ग हसला. मी बाईंकडे पाहिलं. बाईंनी कुणाला रागावलं नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं, की त्यांनाही हे माहीत नव्हतं. त्या धंतोलीत राहायच्या. तेव्हा धंतोलीत आजच्यासारखे दवाखान्यांवर दवाखाने नव्हते. शांत बंगले, मेंदीची कुंपणं. रस्त्यावरून दरवर्षी निळे झेंडे घेऊन माणसं जातात हे त्यांनी खिडकीतून पाहिलं असणार. ती माणसं कुठं उतरतात, काय खातात, हे कशाला कळणार? त्या म्हणाल्या, "सुजाता, आणखी सांग." पण तोवर मी नळाकडे पळाले होते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेत पाटीपूजन होतं. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची, फूल वाहायचं. बाबांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "उद्या शाळेत जायचं नाई." माझे पाय पुन्हा शिवशिवायला लागले. घर माणसांनी भरलेलं, फुलाआत्या मला मांडीवर ओढून केसांना तेल लावू पाहत होती, आणि माझं सगळं लक्ष शाळेत. आत्ता ओळ लागली असेल. आत्ता खडू वाटले असतील. आत्ता वंदना सगळ्यांना सांगत असेल की सुजाता खोटं बोलली म्हणून आली नाही. मी दारापर्यंत जात होते, परत येत होते. शेवटी आत्यानं तेलाची वाटी बाजूला ठेवली. "बापा बापा, हे पोट्टी हाय का वारा?"

दुपार उतरली आणि अंगणाच्या तोंडाशी कुमुदबाई उभ्या दिसल्या.

फिकट जांभळं लुगडं, हातात पर्स, पायांत चप्पल, आणि समोर माणसांनी गच्च भरलेलं अंगण. पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांना पाहून बायांनी आपापली पोरं ओढून घेतली, वाट झाली. बाबा त्या दिवशी घरीच होते. ते पुढं झाले.

"नमस्कार. मी सुजाताच्या बाई. आज ती आली नाही म्हणून..."

"आली नाई, कारण आम्ही धाडली नाई," बाबा म्हणाले. "पाटीची पूजा होती ना?"

"हो."

"आमी पूजा करत नाई, बाई. शिकतो."

 बाईंची नजर कडुनिंबाखालच्या गंजाकडे गेली, त्यातल्या वल्ह्याकडे गेली, आणि त्या माझ्याकडे पाहून नुसत्या मान हलवून हसल्या. मला तेवढ्यानं उडी मारावीशी वाटली. माय लगबगीनं खुर्ची आणायला गेली, पण आमच्या एकुलत्या खुर्चीवर कुणाचं तरी बाळ झोपलेलं होतं. तोवर फुलाआत्या जर्मनच्या ताटलीत भाकरी आणि आलू-वांग्याची भाजी घेऊन आलीच. "घ्या माय. गरम हाय."

बाईंनी हात जोडले. "नको, नको. मला चालणार नाही."

अंगणातला आवाज एकदम बंद झाला. इंजिनाची शिटी तेवढी ऐकू आली. आज विचार करते तेव्हा वाटतं, बाई ते वाक्य दुसऱ्या कुठल्याही अंगणात बोलल्या असत्या तर त्याचा काही अर्थ झाला नसता. आमच्या अंगणात तो अर्थ पिढ्यान् पिढ्या ठरलेला होता. आत्याचा हात ताटलीसकट हवेत थांबला. बाबांचा चेहरा मिटला.

बाईंच्या ते उशिरा लक्षात आलं आणि त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या. "अहो, तसं नाही! माझा उपास आहे. नवरात्राचा. नऊ दिवस धान्य खात नाही मी."

"असू द्या आत्या," बाबा सावकाश म्हणाले. "बाईंचा उपास हाय." 'उपास' हा शब्द त्यांनी असा उच्चारला, की मी खाली पाहिलं.

"पाणी तं चालते ना?" मायनं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता पेला भरून आणला. बाईंनी तो तिथंच उभ्या उभ्या, घटाघटा, सगळा प्यायला. मग पदरानं तोंड पुसून त्या बाबांना म्हणाल्या, "उद्या सुटतो माझा उपास. उद्या इथंच येऊन सोडते. चालेल?"

"या," बाबा म्हणाले.

त्या गेल्या. अंगणात पुन्हा गलका सुरू झाला. बाबा मायला म्हणाले, "येत नाई त्या. निघून जायाची रीत असते अशी." माय म्हणाली, "येतीन. मले वाटते." आणि मी दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं पाहत राहिले.

दसऱ्याचा तो दिवस मला आजही तासातासानं आठवतो, पण तासांचा हिशेब मात्र लागत नाही. बाबा पहाटेच मैदानावर गेले होते, गर्दी सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांत. पाहुणे पांढरे कपडे घालून टोळ्याटोळ्यांनी निघत होते, जेवायला परत येत होते, पुन्हा निघत होते. मी दाराच्या उंबऱ्यावर. समोरून माणसांचा पूर वाहत होता. घोषणा, ढोल, लेझीम, कडेवरच्या पोरांचं रडणं, आणि खांबाखांबाला बांधलेल्या लाउडस्पीकरांतून सारखं काही ना काही. प्रत्येक जांभळ्या लुगड्याला मी उठत होते. बाई दुसरं लुगडं नेसू शकतात हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मायनं मला जेवायला बोलावलं, मी नाही म्हटलं. म्हटलं, बाई आल्यावर. मायनं खीर झाकून ठेवली. फुलाआत्या येता-जाता माझ्या डोक्यावर हात फिरवायची, आणि तो हात मला नको वाटायचा, कारण त्यात 'येत नाईत त्या' असं होतं.

मग मी उंबऱ्यावरून पायरीवर आले. पायरीवरून कोपऱ्यापर्यंत. कोपऱ्यावरून वर्धा रोड दिसायचा, बाई तिकडूनच येणार. थोडं पुढं गेलं तर लांबून दिसतील, असं वाटलं. थोडं पुढं गेले. आणि त्या थोड्या पुढंच माझ्या हातातून सगळं सुटलं. एक मोठी मिरवणूक आली आणि मी तिच्या मधोमध सापडले. भोवती नुसत्या कमरा, पिशव्या, धोतरं, लुगडी. मी मागं वळायला पाहिलं तर पाठीमागच्या माणसांनी मला पुढंच नेलं. ढकललं असंही नाही. पाण्यात पान जातं तशी गेले. कितीतरी वेळानं गर्दी फुटली आणि मी एका अफाट मैदानात उभी होते. तिथं आजच्यासारखा स्तूप तेव्हा नव्हता. नुसती जमीन, मंडप, पुस्तकांची पालं, आणि माणसं, माणसं. मी रडले नाही, हे मला पक्कं आठवतं. मी चालत राहिले. थांबलं तर काहीतरी होईल असं वाटत होतं.

एका म्हाताऱ्या बाईनं मला पकडलं. "कोणाची वं तू? एकटीच फिरून राहिली?" तिनं मला हाताला धरून एका मंडपात नेलं. तिथं टेबलावर माईक होता आणि त्यापुढं बसलेला माणूस घसा बसलेल्या आवाजात हरवलेल्यांची नावं सांगत होता. त्यानं मला टेबलावर बसवलं.

"नाव काय बाळा?"

"सुजाता."

"कितवीत?"

"तिसरी. कुमुदबाईंचा वर्ग."

"कोणासंगं आलती?"

"कोणासंगंच नाई."

"मंग कोणाले शोधून राहिली?"

"बाईले," मी म्हटलं.

त्यानं पुढं काही विचारलं नाही. लोक रांगेत होते, त्याला घाई होती. त्यानं माईक ओढला आणि जाहीर केलं, "तिसरीतली सुजाता नावाची मुलगी, हिरवा फराक, इथं मंडपात हाय. ती आपल्या शाळेच्या कुमुदबाईंले शोधून राहिली. कुमुदबाई जिथं असतीन तिथून त्यांनी मंडपात यावं." आणि मग पुन्हा एकदा, आणखी जोरात, "कुमुदबाई, मंडपात यावं!" मैदानभर, रस्त्यावरच्या खांबाखांबावर, अजनीपर्यंत बाईंचं नाव गेलं. मला आतून एकदम बरं वाटलं. आता त्यांना यावंच लागेल.

त्या आल्या. केस सुटलेले, पदर खांद्यावरून घसरून कमरेला खोचलेला, एका पायात चप्पल नाही. लुगडं हिरवं होतं. मी टेबलावरून उडी मारली आणि त्यांच्या कमरेला मिठी घातली.  इतक्यात दुसऱ्या बाजूनं बाबा धावत आले, त्यांनीही ऐकलं होतं. त्यांनी मला पाहिलं आणि हात उगारला. कधी मारायचे नाहीत, पण त्या वेळी उगारला. बाईंनी मला मागं घेतलं. "मारू नका. माझ्यासाठी निघाली होती ती."

बाबांचा हात खाली आला. ते बाईंच्या अनवाणी पायाकडे पाहत होते.

"तुमी इथं?" त्यांनी विचारलं.

बाई काय बोलतात ते ऐकायला मी मान वर केली. "तुमच्याकडेच निघाले होते," त्या म्हणाल्या. "सकाळपासून निघाले. चौकात एवढी माणसं पाहिली आणि घाबरले. दोनदा रस्ता ओलांडायचा प्रयत्न केला, जमलं नाही. चप्पल गेली. खरं सांगते, मी परत फिरले होते. घरी चालले होते. तेवढ्यात नाव ऐकलं."

मोठ्या माणसानं असं कबूल केलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. मला वाटलं, आता बाबा म्हणतील, मी म्हटलंच होतं.  पण बाबांनी वाकून आपल्या चपला काढल्या आणि बाईंच्या पुढ्यात ठेवल्या. बाई नको म्हणाल्या. बाबा म्हणाले, "काचा असतेत वाटेत." मग मला खांद्यावर घेऊन ते पुढं निघाले, अनवाणी, आणि त्या पुरातून उलट वाट काढत ओरडत राहिले, "जागा द्या भाऊ, जागा द्या. शाळेच्या बाई हायेत!" त्यांच्या त्या मोठ्या चपला फटक-फटक वाजवत बाई मागून येत होत्या. वरून मला सगळं दिसत होतं. जागा होत होती.

घरी माय अंगणभर वेड्यासारखी फिरत होती. तिनं मला आधी छातीशी धरलं, मग एक धपाटा घातला, मग पुन्हा धरलं. बाबा म्हणाले, "आधी बाईंले वाढा. सकाळपासून पोटात काही नाई त्यांच्या." फुलाआत्यानं चुलीजवळ चटई टाकली आणि बाईंना आपल्या शेजारी बसवलं, जशा बाकीच्या बाया बसल्या होत्या तशाच. भाकरी, झुणका, डाळभाजी, भात, खीर. पहिल्याच घासाला बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. आत्या घाबरली, "काहून रडता, माय?" बाई बोट तोंडाकडे नेत म्हणाल्या, "तिखट!" आणि सगळं अंगण हसलं. त्यांनी झुणका सोडला नाही. खीर मागून घेतली, पुन्हा मागून घेतली. मी त्यांच्या ताटाला ताट लावून जेवले आणि शेवटपर्यंत उठले नाही.

निघताना बाई बाबांना म्हणाल्या, "एक मागणं आहे. हिला सणाच्या दिवशी घरी ठेवू नका."

"पूजेले बसवू नका तिले."

"नाही बसवणार. पण वर्गात असू द्या. बाकीची मुलं पूजा करतील, ही पाहील. हिच्याकडे काय असतं ते ही सांगेल, ती ऐकतील. ही वर्गात नसली, तर मला अर्धवट शिकवल्यासारखं होतं."

 रूळांवरून मालगाडी जात होती, ती सगळी जाईपर्यंत बाबा थांबले. मग म्हणाले, "धाडतो." आणि त्यांनी तो शब्द पाळला. पुढं संक्रांतीला, होळीला, दुसऱ्या वर्षीच्या पाटीपूजनाला मी वर्गात होते, भिंतीला टेकून, पाहत. कधी फार वाईट वाटायचं, कधी काहीच वाटायचं नाही. पण व्हरांड्यात फेऱ्या मारायची वेळ पुन्हा आली नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगले. अंगण रिकामं झालं. आणि शाळेला दिवाळीची सुटी लागली ती संपेचना. मला एकच घाई होती, बाई वर्गात कधी सांगतात. सुटी संपली, शाळा भरली, बाईंनी हजेरी घेतली, पाढे घेतले, शुद्धलेखन घेतलं. सांगेचनात. मधली सुटी जवळ आली तशी मला राहवेना. मी न विचारताच उभी राहिले आणि मोठ्यानं म्हटलं, "बाई आमच्या घरी जेवल्या!"

वंदना म्हणाली, "खोटं!" पण या वेळी ती माझ्याकडे नाही, बाईंकडे पाहत होती. सगळा वर्ग बाईंकडे पाहत होता. आज मला कळतं, त्या उत्तराची किंमत बाईंना कुठं कुठं मोजावी लागली असेल. मुलं घरी जाऊन सगळं सांगतात. बाईंनी शुद्धलेखनाची वही खाली ठेवली. "जेवले," त्या म्हणाल्या. "भरपूर जेवले. झुणका मात्र फार तिखट होता."

दुसऱ्या दिवशी माझ्या उजवीकडची एक मुलगी तिच्या आईनं सांगितलं म्हणून लांब जाऊन बसली. बाईंनी ते पाहिलं आणि त्या दिवशी गोष्ट सांगायला त्या रिकाम्या जागेवर, माझ्या टाटपट्टीवर येऊन बसल्या.

पण हे दुसऱ्या दिवशीचं. त्या दिवशी मधल्या सुटीत वंदना माझ्यामागं नळावर आली. बराच वेळ नळ उघडत-बंद करत राहिली.

"खीरही होती का वं?"

"हाव."

"कायची?"

"तांदळाची. चारोळी टाकून."

तिनं नळ बंद केला. "मंग आता कधी असते तुमच्याकडे?"

"पुढच्या दसऱ्याले."

"बापा!" वंदना म्हणाली. "लय दूर हाय."

"हाव ना," मी म्हटलं. "लय दूर हाय."